परतीच्या तेलाची बारीक नळी

धरमपेठ, नागपूर
१९ नोव्हेंबर १९८७

देवरावभाऊ यांस,

धाकटा साडू अनंता याचा, मान रोजच्यापेक्षा दोन बोटं जास्त वाकवून, नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल, गोपिकाताईंचा गुडघा परासियाच्या थंडीत कुरकुरत नसेल, अशी आशा आहे. इकडे सगळे ठीक. सुमतीचा खोकला थांबला (तो कशानं लागला ते पुढे येईलच). तुमची गाडी मात्र ठीक नाही, आणि ते सांगायलेच हे पत्र आहे. इंजिन शाबूत आहे, एवढं आधी वाचून घ्या आणि घोटभर पाणी प्या.

छिंदवाड्याच्या घाटात तुमची डिझेल अँबॅसिडर रडत रडत चढते, म्हणून तुम्ही खाणीच्या लिलावातून एका विलायती जनरेटरचा टर्बो उचलला, गाडी वाडीच्या नत्थू मिस्त्रीकडे सोडली, आणि "अनंतराव, जरा लक्ष ठेवा" असं म्हणून परासियाले निघून गेलात. भाऊ, गडबड तिथंच झाली (हा ठपका नाही, नुसती नोंद आहे). बावीस वर्षं पाणीपुरवठ्यात ओव्हरसियर असलेल्या माणसाले लक्ष ठेवायले सांगितलं, की तो लक्ष ठेवत नाही, अक्कल चालवतो.

आता टर्बो म्हणजे काय, तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. फिरतो इतका, की त्याच्या दांड्याले सारखं तेल पाजत राहावं लागते. तेल वर जायले एक नळी, आणि तिथून खाली इंजिनाच्या चेंबरमध्ये परत यायले दुसरी. जायची नळी करंगळीपेक्षा बारीक. परतीसाठी मात्र नत्थूनं कुठल्याशा ट्रकची काळी, अंगठ्याहून जाड, सरळ खाली उतरणारी नळी काढून ठेवली होती. मले ती मोरीची वाटली. मी म्हटलं, बाप्पा, जितकं तेल जाते तितकंच येते, मग यायची नळी एवढी जाड काहून? नत्थू म्हणाला, "साहेब, जायले मागं पंप हाये, यायले कोनी नाई. ते आपल्या मनानं उतरते. त्याले रस्ता मोकळा पाहिजे." चौथी शिकलेल्या माणसानं हे मले, पाण्यात आयुष्य काढलेल्या माणसाले, शिकवावं? नळाच्या तोंडावर बोट दाबलं की धार कशी लांब जाते, यावर मी त्याचा अर्धा तास घेतला. मग इतवारीत जाऊन पितळेची बारीक नळी आणि दोन काटकोनी बेंड घेऊन आलो. ते इतके झळकत होते की सुमती म्हणाली, गाडीत काहून घालता, देवघरात ठेवा. (ऐकायले पाहिजे होतं.) नत्थूनं बेंड हातात फिरवून पाहिले, दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा मी माझा हुद्दा सांगितला, तेव्हा त्यानं ते मुकाट्यानं बसवले.

गेल्या रविवारी आमच्या पोरीले, उत्तराले, पाहायले अमरावतीचे पाहुणे यायचे होते. मध्यस्थ होते वाडीचे ट्रान्सपोर्टवाले भैयाजी, ज्यांचे सगळे ट्रक नत्थूकडेच दुरुस्तीले जातात. मी ठरवलं, पाहुण्यांले बसस्टँडवरून टर्बोच्या गाडीतून आणायचं (तुमच्या गाडीतून, तुम्हाले न विचारता; हीसुद्धा चूकच, पण रांगेत तिचा नंबर मागे आहे). झाशी राणी चौकापर्यंत गाडी अशी पळाली की भैयाजींनी टोपी धरून ठेवली. मग परतीची वाट न सापडलेलं तेल टर्बोत तुंबलं आणि मिळेल त्या फटीतून सायलेन्सरमध्ये उतरलं. धूर निघाला. घराच्या फाटकाशी आलो तेव्हा गल्ली दिसेनाशी झाली होती. समोरच्या बायजाबाई आग लागली समजून बादली घेऊन धावल्या आणि ती त्यांनी मुलाच्या थोरल्या काकांवर ओतली. सुमती खोकत खोकत पोह्यांची बशी घेऊन आली आणि आदरानं रद्दीवाल्याच्या हातात देऊन गेली. त्यानं खाल्लेही.

आणि त्या धुरातून नत्थू आला, सायकल हातात धरून. त्याले त्या नळीचा भरोसा नव्हता, म्हणून सुट्टीच्या दिवशी, कोणी न बोलावता, पाना घेऊन आला होता. भैयाजींनी विचारलं, हे काम कोणाचं? भाऊ, मी बोट दाखवलं. म्हटलं, या नत्थूचं, मिस्त्री म्हणवते आणि साधी नळी बसवता येत नाही. नत्थूनं माझ्याकडे पाहिलं. डोक्याचा दुपट्टा गाडीखाली पसरला, आमच्या अंगणात तेल सांडू न देता नळी सोडवली, आणि गेला.

पाहुणे "कळवतो" म्हणाले, अजून कळवूनच राहिले. त्याचं दुःख नाही, उत्तरा तर त्या दिवसापासून गाणी म्हणून राहिली. पण काल वाडीले गेलो. नत्थूच्या टिनाच्या शेडपुढे एरवी चार-पाच ट्रक उभे असतात, तिथं एकही नव्हता. भैयाजींनी ट्रक दुसऱ्या मिस्त्रीकडे वळवले आणि त्यांचं पाहून बाकीच्या ड्रायव्हरांनीही. नत्थू स्टुलावर नुसता बसून होता. मले पाहून उठला, चहा मागवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माफीचं वाक्य माझ्या ओठापर्यंत आलं, आणि मी विचारलं, यंदा थंडी कमीच आहे, नाही का गा? तो म्हणाला, हो साहेब. मले माझीच लाज वाटते, भाऊ.

धाकट्यानं केलेलं थोरल्यानं पोटात घालावं, एवढंच मागणं.

तुमचा,
अनंता

ता. क. : एवढंच नाही. तुम्ही २९ तारखेले, रविवारी, गाडी न्यायले येणार. त्या सकाळी भैयाजी आणि सारे ड्रायव्हर शेडशेजारच्या टपरीवर चहाले असतात. हे पत्र तिथं उभं राहून मोठ्यानं वाचा. मी बाजूले उभा राहीन. मी वाचायले गेलो तर पुन्हा थंडीवरच बोलेन. नाव चारचौघात घेतलं, तर कबूलही चारचौघातच केलं पाहिजे. बायजाबाईंची बादली गाळली तरी चालेल. पितळेचे बेंड आणि माझा हुद्दा गाळू नका.

आणखी एक ता. क. : लोक हसतील, हसू द्या. हसून झालं की हे वाचा. नत्थूभाऊ, चौकात पहिला धूर दिसला तेव्हाच मले समजलं होतं की तुमचं खरं होतं. तिथून घर यायले दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं मी, कोणाचं नाव सांगायचं, याचाच विचार करत होतो.