अष्टमीचं बोलावणं

प्रिय आई,

तुझे फोन मी मुद्दाम घेत नाहीये. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, माझं वाक्य मध्येच तोडून तूच पुरं करशील, म्हणून हे पत्र. राजमामा तुझ्याशी का बोलत नाही, त्याच्या इराला आपल्याकडे का पाठवत नाही आणि मी त्याला फोनवर असं काय सांगितलं, हे तुला जाणून घ्यायचं आहे. मामीनं कान भरले असतील, असं तू बाबांना म्हणालीस म्हणे. मामीनं काही केलेलं नाही. मामाशी मीच बोलले. त्याला सांगितलं तेच तुला सांगते, पण सुरुवातीपासून.

बाबांनी कंपनीतून निघालेला तो जुना कॉम्प्युटर आणला तेव्हा मी सातवीत होते. तू त्यावर क्रोशाचं झाकण घातलंस आणि पडदा स्वयंपाकघराकडे तोंड करून ठेवलास, पोळ्या लाटता लाटता दिसावा म्हणून. शाळेच्या पालकसभेत कुणी तरी सांगितलं होतं, मुलींना नेटवर अनोळखी पुरुषांशी बोलू देऊ नका. ते तू अगदी मनावर घेतलंस. नेट लावायचं ते तू शेजारी बसलेली असतानाच. तू मटार सोलत बसायचीस आणि चॅटवरचं इंग्रजी अक्षरांतलं मराठी मोठ्यानं वाचायचीस. कुणी 'कूल बॉय' आला की तुझं बोट लगेच पुढे. बंद कर त्या मेल्याला! माझ्या मैत्रिणी मला हसायच्या. मला मात्र तेव्हा ते आवडायचं गं. दिवसभरात तू एवढा वेळ माझ्याजवळ बसायचीस ती त्याच वेळी.

मग तिथेच साधनाताई आल्या. देवळाली कॅम्पातल्या, साहेब तोफखान्यात, मूलबाळ नाही, दिवस खायला उठतो. तुला त्या माझ्याहून जास्त आवडल्या. नंतर नंतर तर मी नुसती टायपिस्ट होते, बोलायचात तुम्ही दोघी. एकदा तू त्यांना कुरडयांचा चीक कसा शिजवायचा ते सांगत बसलीस आणि तेवढा वेळ फोन अडकला म्हणून बाबा किती चिडले होते! त्या दर वेळी माझी चौकशी करायच्या, भागूचा अभ्यास कसा चाललाय, भागू जेवते का नीट. तू म्हणायचीस, पाहा, परक्या बाईला किती माया.

त्यांनी एकदा लिहिलं, 'mi atach bazaratun aalo.' तू ते मोठ्यानं वाचलंस. मी म्हटलं, आई, आलो काय? आले हवं ना? तू खळखळून हसलीस. अगं, कोल्हापूरकडच्या बायका अशाच बोलतात! तुझी शाळेतली मैत्रीण, सुलूमावशी, कोल्हापूरला दिलेली. ती माहेरी आली की 'मी जेवलो' म्हणायची आणि आपण सगळे हसायचो. तू मला लगेच टाइप करायला लावलंस, तुमचं माहेर कोल्हापूरचं का? पलीकडून जरा वेळानं उत्तर आलं, हो, कसं ओळखलंत? काय खूश झालीस तू! बाबा घरात शिरले तर चप्पल काढायच्या आत त्यांना सांगितलंस. त्या दिवसापासून ताई बिनधास्त 'गेलो', 'आलो' लिहायला लागल्या. उत्तर त्यांना सापडत नव्हतं, ते तू दिलंस.

नवरात्रात त्यांचं बोलावणं आलं. अष्टमीला कुमारिका जेवायला हवी, कॅम्पात आपल्याकडची मुलगी मिळत नाही, भागूला पाठवाल का? कुमारिकेबरोबर आई कुठे जेवायला जाते? आणि देवीच्या बोलावण्याला नाही म्हणू नये, असं तू बाबांना बजावलंस. मला परकर-पोलकं नेसवलंस, डब्यात कुरडया दिल्यास आणि देवळालीच्या बसमध्ये बसवून कंडक्टरला दहादा सांगितलंस. ताईंचे भाऊ उतरवून घ्यायला येणार होते. ते आले. पांढरा शर्ट, स्वच्छ दाढी, हातात नारळाची पिशवी. ताई स्वयंपाकात आहेत म्हणाले. बाजाराच्या मागे एक खोली होती. तिथे ताई नव्हत्या, आई. स्वयंपाकही नव्हता. पुढचं मी लिहिणार नाही. कधीच लिहिणार नाही, आणि तूही विचारू नकोस. परत बसमध्ये बसवताना त्या माणसानं माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या आणि म्हणाला, आईला सांग, कुमारिका जेवली.

घरी आल्यावर तू विचारलंस, पोटभर जेवलीस का? मी तुला सांगायला तोंड उघडलं होतं. रस्ताभर मी एकच वाक्य जुळवत आले होते, तेवढंच मला जमण्यासारखं होतं. मी म्हणाले, ताई नव्हत्याच तिथे. तू बांगड्या उजेडात धरून बघत होतीस. म्हणालीस, अगं, ऐन वेळी अडचण आली असेल, बाजूला बसल्या असतील बिचाऱ्या, म्हणून भावाकडून वाढवून घेतलं. बारा वर्षांच्या मुलीजवळ एकच वाक्य असतं, आणि त्याचाही अर्थ तू लावून टाकलास. नंतर ताई गायब झाल्या तेव्हा तू म्हणालीस, बदली झाली असेल, लष्करातल्या माणसांचं असंच. मला ताप आला तेव्हा दृष्ट काढलीस. मी परकर नेसेनाशी झाले, तुझ्याजवळ बसेनाशी झाले, तर वय म्हणालीस. मी औरंगाबादचं कॉलेज घेतलं तेव्हा मुलगी किती महत्त्वाकांक्षी आहे हे तू कॉलनीभर सांगितलंस. मला तुझा राग येतो, आई. आणि मटार सोलत माझ्या शेजारी बसलेली तू आठवलीस की रडू येतं. दोन्ही एकदमच येतं, त्याला मी काय करू?

मला वाटलं होतं, हे माझ्याबरोबर संपेल. मग दसऱ्याला तुझा फोन आला. तुझा आवाज किती आनंदी होता! साधनाताई त्या नव्या साइटवर पुन्हा सापडल्या, तुला विसरलेल्या नाहीत. मामा-मामी दोघं नोकरीला, म्हणून इरा शाळेतून आपल्याकडे येते. तिला तू माझ्यासारखंच शेजारी बसवून कॉम्प्युटर शिकवतेस. मी इथे हॉस्टेलच्या जिन्यात उभी होते. तू पुढे म्हणालीस, ताईंनी इराला अष्टमीला बोलावलं होतं, आणि अगदी तुझ्यासारख्याच हिरव्या बांगड्या दिल्या गं.

मी फोन ठेवला आणि मामाला लावला. त्याला सगळं सांगितलं, वर लिहिलंय तेवढं. तो कॅम्पात जाऊन आला. त्या खोलीत आता शिलाईवाला बसतो, त्याला काही माहीत नाही. साइटवर ताई नाहीत, सगळं पुसलेलं. पोलिसांत जायचं तर मामी म्हणते, पोरीचं नाव चव्हाट्यावर येईल, आणि मामा तिच्यापुढे बसून नुसता रडतो. मी म्हटलं, माझं नाव घाला, मी येते. त्यावर मामानं फोन ठेवून दिला. त्या माणसाचं खरं नाव कुणालाच माहीत नाही. बहुधा काहीच होणार नाही.

हे पत्र तुला दुखवायला लिहिलेलं नाही, जरी तू आता कधीच पहिल्यासारखी हसणार नाहीस हे मला कळतं. परवा मी इराशी फोनवर बोलले म्हणून लिहिलं. मी तिला एवढंच विचारलं, की तुला तिथे ताई दिसल्या का? ती म्हणाली, नाही. मी घरी आल्यावर आत्याला सांगितलं, ताई नव्हत्या. आत्या म्हणाली, अडचण आली असेल.

तुझीच,
भागू