शेवटच्या गावातलं व्होल्टेज

बाबा, मागच्या महिन्यात मी आपल्या विजेच्या लाइनच्या शेवटच्या गावात गेले होते. तळ्यात मासे धरणाऱ्या बायकांच्या गटानं तिथे मोठा फ्रीजर घेतला होता. तो जळून तीन दिवस झाले होते. झाकण उघडलं आणि मी ओढणी नाकाला लावली. गटाच्या बाईनं काही नाक झाकलं नाही. ती माझ्याकडेच बघत होती. "मॅडम, नवी मशीन लावली म्हनते तुमचे लोक. पन आमच्या इथी येऊन व्होल्टेज कोनं मोजलं?"

तुम्ही सबस्टेशनवर होतात तेव्हा हे काम हातानं चालायचं. संध्याकाळी घराघरांत दिवे लागले की टोकाला व्होल्टेज पडायचं. मी तुमचा डबा घेऊन आलेली, बाकावर बसलेली. तुम्ही याच गावच्या चक्कीवाल्याला फोन लावता. "भाऊ, बल्ब कसा दिसून राह्यला?" तो पिवळा म्हणाला की उठता, व्होल्टेज वाढवायला ट्रान्सफॉर्मरचा टॅप एक टप्पा चढवता, पुन्हा फोन. एकदा तुम्ही बाहेर असताना मी रजिस्टरात पुढच्या तासाचा व्होल्टेजचा आकडा भरून टाकला, वरच्यासारखाच. तुम्ही ओरडला नाहीत. "काट्याकडं पाह्यलं काय?" "नाई." "मंग कोनाले इचारून लिहिलं?" त्या दिवशी तुम्ही डबा उघडलाच नाही.

आता टॅप चढवायचं-उतरवायचं काम कंट्रोलर करतो, तीच ती नवी मशीन. जुन्या यंत्रांसारखा तो एका ठरवून दिलेल्या आकड्याला चिकटून बसत नाही. लोड कसा चढतो-उतरतो हे रोज शिकतो आणि स्वतःला बदलत जातो. मला त्याचं कौतुक होतं, अजून आहे. पण शिकायला त्याला टोकाचं खरं माप लागतं. ठेकेदाराच्या माणसांना जंगलातून तेवढं जायचा कंटाळा आला. त्यांनी टोकाचं मीटर सबस्टेशनच्या कुंपणाबाहेरच्या खांबावर ठोकलं. तिथे व्होल्टेज कायम छान. कंट्रोलर तेच खरं धरून शिकला आणि टॅप खालीच ठेवत राहिला. तिकडे कमी व्होल्टेजवर फ्रीजरची मोटर तापून तापून गेली. चाचणीच्या अहवालावर सही माझी आहे. उद्घाटनाच्या फोटोत मी हार घालून हसते आहे.

साहेबांना सांगितलं तर चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "रिपोर्ट ओके आहे ना? मग फ्रीजरच खराब असेल." त्या ओल्या बिस्किटाची, त्या आवाजाची मला शिसारी आली. माझ्या सहीची त्याहून जास्त. मी सही मागे घेतल्याचं लेखी दिलं, आणि मीटर गावात बसेपर्यंत खांबाखाली उभी राहिले. आता तिथे व्होल्टेज टिकतं. ऑफिसात माझ्याशी कोणी नीट बोलत नाही. बाईला सांगायला गेले तर ती जाळं विणत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं झालं." मासे त्यांनी खड्ड्यात पुरले होते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणूनच एवढं लिहिलं. तुम्ही असतात आणि विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं की सही करण्याआधी ते मीटर मी कुंपणाबाहेरच्या खांबावर पाहिलं होतं.