झुकत्या काठीचं वजन

आप्पा,

आज सकाळी मी घोडनदीवर सहा काठ्या लावून बसले होते. सहाही माझ्या हातच्या. हे तुम्हाला आवडणार नाही हे ठाऊक आहे, आणि तुम्हाला आवडावं म्हणून मी लिहीतही नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यापुढं तोंड उघडायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती, आणि गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात, त्यामुळे मला बोलायला मुहूर्तच मिळाला नाही. मी आता अठ्ठावन्नची आहे. रांजणगावच्या कारखान्यातली नोकरी संपली. लोक म्हणतात, बाई आता घरी बसली. मी घरी बसत नाही, नदीवर बसते.

दौंडचं आपलं रेल्वे क्वार्टर मला अजून वासासकट आठवतं. तुमच्या फिटरच्या कपड्यांना ग्रीसचा वास, आणि रविवारी त्या वासात कणकेचा आणि हळदीचा वास मिसळलेला. सकाळी विहारात वंदना झाली की तुम्ही पोत्यात गुंडाळलेल्या पाच काठ्या सायकलला बांधायचात आणि भीमेकडं निघायचात. मागून दादा आणि मी. काठी कसली, बांबूची तासलेली कामटीच, दोन हात लांब. काठावरच्या चिखलात लाकडाची बेचकी रोवायची, तिला तुम्ही घोडी म्हणायचात. घोडीत आडवा खिळा आणि खिळ्यावर तोललेली काठी. शेंड्याला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, आणि गळ, मागच्या शेपटाला लोखंडी नट बांधलेला, शेंड्याशी जेमतेम तोल साधेल एवढाच. आमिष तोंडात घेतल्यावर माशाला जरा जरी ओढ जाणवली तरी तो ते थुंकून टाकतो. ह्या काठीला ओढच नसते. मासा खाली जातो, शेंडा त्याच्याबरोबर मुकाट झुकतो आणि झुकलेलाच राहतो. मग उठायचं आणि हातानं झटका द्यायचा. हे सगळं तुम्ही दादाला शिकवत होतात. "शेपूट जड झालं तर मासा पळतो, हलकं झालं तर वाऱ्यानंच झुकती. ध्यानात ठेव." दादा जांभया द्यायचा, त्याचा जीव क्रिकेटमध्ये. मी तुमच्या मागं बसून आमिषाची कणीक मळत असायचे. मला शिकवत नव्हतात, पण माझे कान काही तुम्ही झाकले नव्हते.

तेरा वर्षांची असताना मी माझी काठी बांधली. शेजारच्या लग्नातल्या मांडवाचा बांबू उरला होता, तो कोयत्यानं चिरला, काचेच्या तुकड्यानं तासला. तुमच्या पेटीतला एक नट घेतला. तुमच्या काठीचा मला एक दोष दिसला होता: कामटीला पाडलेलं भोक पाणी लागून फुगायचं आणि खिळ्यावर धरायचं. म्हणून मी खिळ्याच्या जागी सायकलची तार घातली आणि भोकात बॉलपेनच्या नळीचा तुकडा बसवला. काठी नुसत्या फुंकरीनं हलायची. त्या रविवारी मी ती तुमच्या पाचांच्या शेजारी लावली. तुमचे रेल्वे शेडमधले दोन मित्र आले होते. त्यातल्या एकानं विचारलं, "फिटर, ही सहावी कुणाची?"

"माझी," मी म्हणाले.

तुम्ही गळाला कणीक लावत राहिलात. मला वाटलं, बघताय. बघत होतातच. दुपारपर्यंत तुमच्या पाच काठ्यांना मिळून एक शिंगटा मासा लागला आणि माझ्या एकीला तीन मासे, त्यातला एक चांगला वीतभर. मित्र हसायला लागले. "पोरगी पुढं गेली की तुमच्या!" इथवर तुम्हीही हसलात, मला आठवतं, तुमचे दात दिसले होते. मग दुसरा म्हणाला, "आता काय, हिलाच बसवा नदीवर. चूल पेटायची काळजी मिटली." तुमचं हसू तिथंच थांबलं. तुम्ही उठलात, माझी काठी घोडीवरून उचललीत आणि गुडघ्यावर घेऊन मोडलीत. तंगूस लोंबत राहिलं. "घरला चल," म्हणालात. "परत नदीवर दिसलीस तर तंगडं मोडून ठेवीन." तुमच्या पाच काठ्या तशाच सोडून तुम्ही मला दंडाला धरून घरी आणलंत. एका हातात मी, दुसऱ्या हातात माशांची पिशवी. पिशवी मात्र विसरला नाहीत.

आईनं ते मासे तळले. मी भिंतीकडं तोंड करून बसले होते, पण तव्यावरचा आवाज ऐकू येत होता. तुम्ही जेवायला बसलात, चारही मासे खाल्लेत आणि आईला म्हणालात, "मीठ बरोबर पडलंय." एवढंच. त्यातले तीन कुणाचे होते, हे त्या स्वयंपाकघरात कुणीच बोललं नाही. पुढच्याच पौर्णिमेला विहारात तुम्ही भाषण केलंत, पोरींना शिकवा, पोरींना पुढं काढा म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण आई माझ्याकडं बघत होती.

कारण मला नंतर आईकडून कळलं. "त्यांचं म्हणणं आसं," ती म्हणाली, "गड्यानं गळ टाकला तर ती हौस. पोरगी बसली तर लोक म्हणत्याल, ह्यांच्या पोटाला न्हाई म्हणून पोरीला नदीवर बसवलीया. आधीच आपल्याकडं बघायची लोकांची नजर तुला ठाव हाय." मला ठाऊक होती, आप्पा. शाळेत पाण्याच्या माठापाशी ती नजर मीही झेलली होती. तुमची भीती खोटी नव्हती, हे मी तेव्हाही समजले आणि आजही समजते. पण नजर त्यांची आणि मोडली माझी काठी, हा हिशेब मला कधीच पटला नाही. चुलीची थट्टा करणाऱ्या त्या माणसाला तुम्ही दोन शब्द सुनावायला हवे होते. तो मोठा होता, तुमच्या शेडमधला होता. मी तेरा वर्षांची होते. तुम्हाला मी सोपी पडले.

लग्न होऊन शिरूरला आले. नवरा एसटी डेपोत मेकॅनिक, शांत माणूस. लग्नानंतर बारा वर्षांनी एकदा मी त्याला विचारलं, नदीवर गळ टाकायला जाऊ का? तो चहा पीत होता. म्हणाला, "जा की. मला कशाला इचारती?" बारा वर्षं मी ज्या प्रश्नाला घाबरत होते, त्याचं उत्तर एका घोटाइतकं होतं. तोवर मी कारखान्यात लागले होते. तिथं माझं काम काय होतं माहीत आहे? पंख्याची पाती तोलायची. मशीनवर पंखा फिरवायचा, कुठल्या बाजूला जड जातोय ते बघायचं आणि हलक्या बाजूला इवलंसं वजन लावायचं. सुपरवायझर म्हणायचा, मॅडमचा हात मशीनपेक्षा बरा आहे. तो हात कुठून आला, हे मी त्याला सांगितलं नाही.

आणि आता तुमच्या काठीविषयी बोलते, रागवा खुशाल. तुमचा नट एकदा बांधला की बांधला. आमिष मोठं झालं, तंगूस भिजून जड झालं, वारा फिरला, की तुमचा तोल गेला. मग तुम्ही नदीला शिव्या घालायचात. माझ्या काठीच्या शेपटाला आट्यांची सळई आहे आणि नट तिच्यावर फिरतो. अर्धा फेरा पुढं, अर्धा फेरा मागं, जसं पाणी तसा तोल. तुम्ही चांगले फिटर होतात, तुम्हाला हे सुचायला हवं होतं. नाही सुचलं. मला सुचलं.

गेल्या महिन्यात नदीवर एक प्रकार झाला. माझ्याशेजारी हल्ली तीन बायका बसतात. त्यातली एक बिहारकडची, तिचा नवरा कंपनीत रोजंदारीवर आहे. पहिल्या दिवशी माझी काठी बघून म्हणाली, "दीदी, ये तो तराजू है." तिला मी दोन काठ्या बांधायला शिकवल्या, आता तिच्या गाठी माझ्यापेक्षा पक्क्या बसतात. त्या दिवशी चिलापी चांगली लागत होती. तेवढ्यात एक माणूस आला, पांढरा शर्ट, गाडीची किल्ली बोटावर फिरवत. म्हणाला, "ए बायांनो, हितं बसायचं न्हाई. घाट काय मासळीबाजार हाय का? घरात खायला न्हाई का तुमच्या?" बिहारची बाई उठायला लागली. तिच्या हाताला धरून मी तिला खाली बसवलं. मग त्यानं माझी पहिली काठी उचलली आणि मोडली. गुडघ्यावर नाही, हातानंच. माझ्या कामट्या बारीक असतात.

मी म्हणाले, "मोडलीस? बरं. आजून पाच हायेत, त्याबी मोड. उद्या मी धा आणते. परवा ईस आणते. बांबू संपत न्हाई आन् मीबी संपत न्हाई. घरात खायला हाय मला. पेन्शन हाय. मला मासे धरता येत्यात म्हणून मी हितं बसलीया. तुला येत असंल तर बस शेजारी, न्हाईतर हो बाजूला, तुझी सावली पाण्यावर पडतीया."

माझा आवाज इतका मोठा झाला की पुलावरची दोन माणसं थांबून खाली वाकली. तो माणूस काहीतरी पुटपुटला आणि गेला. त्याला वाटलं, मी त्याच्याशी भांडतेय. बिहारच्या बाईनं मोडलेली काठी उचलून नट सोडवून घेतला आणि माझ्या हातात दिला. त्या दिवशी आम्ही चौघींनी ऊन तापेपर्यंत मासे धरले. दादाला कुणीतरी सांगितलं असणार, त्याचा संध्याकाळी फोन आला. "आप्पांनी तुझी काठी का मोडली व्हती, इसरलीस का?" मी म्हणाले, "न्हाई इसरले. म्हणूनच बसते." त्यानं फोन ठेवला. आपल्या घरात फोन असाच ठेवतात.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. तुमचा पत्ता नाही, आणि दादाला दाखवलं तर तो फाडेल. पण एवढं सगळं तोंड वर करून लिहिलं, तर एक गोष्ट उरते, ती लिहायला हवी. तुम्ही दवाखान्यात होतात, शेवटच्या आठवड्यात. मी शिरूरहून येऊन उशाशी बसले होते. मी नदीवर बसते हे तुमच्या कानावर गेलेलं होतं, पण तुम्ही त्यावर कधी शब्द काढला नव्हता. त्या दुपारी डोळे मिटूनच तुम्ही विचारलंत, "शेपटाला वजन किती लावतीस गं?" एखाद्या फिटरनं दुसऱ्या फिटरला विचारावं तसं. मी उठले आणि सलाईनची बाटली बघत उभी राहिले, बरीच भरलेली होती तरी. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. नंतर आईला म्हणालात, हिला हल्ली कमी ऐकू येतं वाटतं.

मला ऐकू आलं होतं, आप्पा.