दोन हजार एकशे सात मिनिटांचं मानपत्र

शारजा, २८ जुलै १९९९

तीर्थरूप कुमुदताईस, धाकट्या चंद्रहासचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांगाबद्दल पुढे खुलासा येईल, तोवर उधार समज.) तुझे गुडघे कसे आहेत? उपेंद्रभाऊजींची शुगर आटोक्यात असेल आणि ते अजून चोरून जिलबी खात नसतील, असं मानून चालतो. आम्ही सर्व खुशाल आहोत, म्हणजे गिरिजा आणि इशिता खुशाल आहेत. मी नाही.

ताई, मला सर्दी झाली आहे. तू म्हणशील, त्यात काय? अगं, बाहेर सेहेचाळीस डिग्री आहे. गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायचा तर रुमाल लागतो. सगळं शारजा घामाने निथळत असताना मी एकटा मफलर गुंडाळून शिंकतो आहे. खालच्या फार्मसीतल्या शहनाझबाईंनी तर औषध द्यायचंच नाकारलं. "जुलै में ज़ुकाम? चंद्रहासभाई, ये एलर्जी है, कार्पेट बदलो," म्हणाल्या. मी म्हटलं, बर्फ पे बैठा था. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी निमूटपणे ॲलर्जीच्या गोळ्या घेऊन आलो. माणसाला स्वतःच्या सर्दीचा पुरावा द्यावा लागावा, यापरती मानहानी नाही, असं मी लिहिणार होतो. पण गेल्या शुक्रवारपासून मानहानी या विषयातलं माझं ज्ञान बरंच वाढलंय, म्हणून ते वाक्य मागे घेतो.

तुझा रणजित इथे पोचला त्याला आज सोळा दिवस झाले. गुडघ्याने साथ सोडली, खेळणं संपलं, आणि दुबईच्या एका स्केटिंग रिंकमध्ये मुलांना आइस हॉकी शिकवायची नोकरी मिळतेय, एवढं तू फोनवर बोललीस तेव्हा मी मामाला शोभेलशा आवाजात "अगं, घर त्याचंच आहे" म्हणालो. आला तो दारातून जरा वाकूनच आत आला. तेहेतीस वर्षांचा माणूस, नाक दोन ठिकाणी वळलेलं, पुढचे तीन दात घालायचे-काढायचे, आणि एवढं सगळं असून गिरिजाला विचारतो, "मामी, भांडी मी घासू का?" (या घरात हे वाक्य पुरुषाच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. गिरिजा तेव्हापासून माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघते.)

आता आमच्या मंडळाचे अध्यक्ष देवदत्त यांच्याविषयी. हा माणूस कॉन्ट्रॅक्टिंगमध्ये आहे, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात त्याच्या तीन साइट्स चालू आहेत. पण त्याचा खरा धंदा म्हणजे सत्कार. दुबईत कोणीही मराठी माणूस उतरला, की देवदत्त त्याला शाल-श्रीफळ दिल्याशिवाय परत जाऊ देत नाही. मागे एका गृहस्थांचा सत्कार झाला, ते फक्त विमान चुकल्यामुळे थांबले होते. तर आपल्यातला एक मुलगा तुमच्या कॅनडात तेरा वर्षं व्यावसायिक खेळाडू होता, हे कळताच देवदत्तने टेबलावर थाप मारली. "यल्ला, सत्कार! आणि हॉलमध्ये नाही, थेट रिंकवर! मॅनेजरलाही बोलवू, त्याला कळू दे माणूस काय तोलाचा आहे. खलास, नोकरी पक्की!" मानपत्र लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. माझी लेखणी धारदार आहे असं मंडळात मानलं जातं. (हा समज मीच पसरवलेला आहे.)

मानपत्राला माहिती लागते. रणजितला विचारलं तर तो हसून म्हणाला, "मामा, काही विशेष नाही, खेळत होतो." तेव्हा मला तुझी पाकिटं आठवली. ताई, आता लाज सोडून लिहितो. दर वर्षी हंगाम संपला की तू वर्तमानपत्रातली कात्रणं घालून एक पाकीट पाठवायचीस. मी प्रत्येक वेळी "पोचलं, आनंद झाला" असं कळवायचो. ती तेराच्या तेरा पाकिटं बिस्किटाच्या डब्यात होती. बंद. या महिन्यात मी ती चाकूने उघडली, आणि तेही तुझ्या मुलासाठी नाही, मानपत्रासाठी.

शेवटच्या पाकिटात त्याच्या सगळ्या कारकिर्दीचा एक छापील तक्ता होता. मी पापड-लोणची एक्स्पोर्ट करणारा माणूस. तक्ता दिसला की मी आधी सगळ्यात मोठा आकडा बघतो. गोल अकरा. तेरा हंगामांत अकरा! हे काही मानपत्रात घालण्याजोगं वाटेना. पण अगदी उजवीकडच्या रकान्यात एक भरभक्कम संख्या होती: दोन हजार एकशे सात. रकान्यावर काहीतरी आखूड अक्षरं होती, त्यातलं मिनिटं एवढंच मला झेपलं. झालं! मी लिहून मोकळा: "आयुष्यातील दोन हजार एकशे सात मिनिटे ज्यांनी बर्फावर निष्कलंक सेवेत वेचली..." निष्कलंक हा शब्द सुचल्यावर मी स्वतःवर खूश होऊन गिरिजाकडे चहासुद्धा मागितला. घरात खेळाडू बसलेला, शेजारच्या खोलीत खेळातलं सगळं कळणारी पोरगी. पण एकदा विचारून घ्यावं असं मला वाटलं नाही. मला विचारण्याची सवय नाही, सांगण्याची आहे.

शुक्रवारी सकाळी दहाला रिंकवर पन्नास मराठी माणसं जमली. बायका पैठण्यांत, पुरुष अर्ध्या बाह्यांच्या शर्टांत, आणि आत थंडी फ्रीजरसारखी. बर्फावर सतरंजी अंथरली होती, तिच्यावर खुर्च्या. पाच मिनिटांत सतरंजी ओली, दहा मिनिटांत माणसं निळी. समई लावायला मॅनेजरने हात जोडून मनाई केली. मॅनेजर लेबनानचा, सज्जन माणूस, देवदत्तला हबीबी म्हणत होता आणि पन्नास माणसांच्या चपलांकडे बघून कळवळत होता. सगळ्या सभागृहात लोकरीची वस्तू एकच, सत्काराची शाल. (पंचेचाळीस दिरहम, म्हणजे सव्वापाचशे रुपये, देवदत्तने हे माइकवरून सांगितलं.) प्रत्येक जण त्या शालीकडे डोळे लावून बसला होता. ती खांद्यावर पडताक्षणी रणजितने काढली आणि पहिल्या रांगेत कुडकुडत बसलेल्या कुंदाकाकूंना, देवदत्तच्या शहात्तर वर्षांच्या आईला, गुंडाळली. देवदत्तच्या हातून नारळ निसटला आणि बर्फावरून जो सुटला तो थेट पलीकडच्या टोकाला निघाला. रणजितने लांब काठीने तो असा अलगद अडवला, की टाळ्या पडल्या. तिथेच कार्यक्रम संपायला हवा होता.

पण माझं मानपत्र उरलं होतं. मी ते मराठीत वाचलं, बोलताना तोंडातून वाफ निघत होती. मग मॅनेजरसाठी इंग्रजी तर्जुमा इशिताने वाचायचा होता. माझी लेक आकड्यापाशी आली आणि थबकली. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "बाबा, आर यू शुअर?" मी डोळे वटारले. तिने वाचलं. कठड्यापलीकडे आपापल्या मुलांना घेऊन आलेले तीन-चार कॅनेडियन बाप उभे होते. ते जे हसत सुटले! एक जण तर खाली बसला. मॅनेजरने विचारलं, काय झालं? त्यांनी त्याला सांगितलं.

तुला माहीत असणारच, ताई; मला नव्हतं. त्या खेळात मारामारी केली, कोणाला आडवं पाडलं, की पंच खेळाडूला बाजूच्या पिंजऱ्यात बसवतो. कधी दोन मिनिटं, कधी पाच. त्या बसण्याचा हिशेब म्हणजे तो रकाना. तुझ्या मुलाच्या कारकिर्दीतले पस्तीस तास आणि सात मिनिटं शिक्षेत गेली होती, आणि मी त्याला शाल देऊन निष्कलंक म्हटलं होतं. मंडळात कुजबुज सुरू झाली. "शिक्षा झालेला आहे म्हणे!" "अहो, पण घरी ठेवलंय त्यांनी!" मॅनेजर हसायचा थांबला. छोट्या मुलांचे आईबाप आजूबाजूला होते. तो म्हणाला, आपण नंतर बोलू, इन्शाल्ला. इथे बारा वर्षं काढल्यावर कोणत्या इन्शाल्लाचा अर्थ हो आणि कोणत्याचा नाही, हे मला कळतं.

रणजितने माइक घेतला. रागावला नाही. तुझ्याच धाटणीच्या मराठीत म्हणाला, "मामांनी आकडा बरोबर लिहिलाय. आमच्या टीममध्ये एक बुटका पोरगा होता, गोल तो करायचा. त्याला कोणी पाडलं की त्या माणसाला जाऊन भेटणं, हे माझं काम. मग मी बसायचो आणि तो खेळायचा. आई मॅचला यायची, पण डोळे मिटून बसायची. मुलांना हे शिकवणार नाही. पडायचं कसं आणि उठायचं कसं, ते शिकवीन." एवढं बोलून त्याने सतरंजी गुंडाळायला घेतली. त्याच्याबरोबर वाकला एकच माणूस, मी, आणि तोही तोंड लपवायला.

परत येताना गाडीत मी माफी मागायची तयारी करत होतो. ट्रॅफिक अडकलं होतं, वेळ भरपूर होता. तोच म्हणाला, "मामा, तुमची भाषा मला फार आवडते. 'कुमुदताई, बर्फावर अस्वल नाचवायला इंजिनिअरिंग कॉलेज कशाला सोडायला हवं? अस्वलं प्रवेशपरीक्षा न देताच नाचतात.'" मी ब्रेक दाबला. मागच्याने हॉर्न दिला. ताई, ते माझंच १९८५ चं पत्र. त्याने कॉलेज सोडलं तेव्हा तू रडवेली होऊन सल्ला विचारला होतास, आणि मी तुला विनोद पाठवला होता.

तो म्हणाला, ते पत्र त्याने तुझ्या कपाटातून घेतलं. त्याला मराठी बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. वाचायला तो त्या पत्रावरच शिकला. जोडाक्षरं अडली की तुला विचारायचा, आणि तू सांगायचीस! पुढे ते त्याच्या लॉकरच्या दाराला आतून चिकटवलेलं असायचं, रोज बूट बांधताना समोर. टीमला भाषांतर करून दाखवायचा, सगळे हसायचे. "यू वर व्हेरी फेमस, मामा," म्हणाला. मागच्या सीटवरून इशिता म्हणाली, "बाबा, दॅट्स सो मीन." मी आरशात पाहिलं नाही. रणजितने पत्र पुढे म्हणून दाखवलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत आला, आणि तिथे थांबून म्हणाला, "शावर्मा घ्यायचा का?"

शेवटची ओळ मलाही पाठ आहे. तुलाही असेल.

असो. तुझ्या गुडघ्यांना तिळाचं तेल लाव. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
चंद्रहास

ता. क. १ : सोमवारी एकटाच मॅनेजरला भेटून आलो. चूक माणसाची नसून मानपत्राची आहे, हे समजावलं. त्याने सगळं ऐकून एकच विचारलं, तुझी स्वतःची मुलगी याच्या हाताखाली घालशील? इशिता दोन वर्षं स्केटिंगचा हट्ट धरून बसली आहे आणि मी दोन वर्षं अभ्यासाचं कारण देतोय. धंद्यात मी अशा प्रश्नाला इन्शाल्ला म्हणतो. या वेळी हो म्हणालो आणि फॉर्मवर सही केली. रणजितची पहिली विद्यार्थिनी तुझी भाची. महिनाभराची ट्रायल मिळाली आहे.

ता. क. २ : हे पत्र मुळात ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहिलंच. (सर्दीसाठी नव्हे.) नोकरी कायम करायला मॅनेजरला रणजितच्या जुन्या कोचचं एक पत्र हवं आहे. मुलगा स्वतः मागणार नाही, तुझ्यावर गेलाय. तू जाऊन घे आणि पंधरा ऑगस्टच्या आत माझ्या ऑफिसच्या फॅक्सवर पाठव. कोचला सांग, अकरा गोलांबद्दल नाही लिहिलं तरी चालेल. त्या बुटक्या पोराबद्दल लिहा म्हणावं. आणि या खेपेला पाकीट आलं तर मी उघडीन.

ता. क. ३ (शुक्रवार) : पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. ती ओळ आठवते ना? "हा मुलगा या घसरगुंडीवर एक वर्ष जरी पोट भरू शकला, तर मी बर्फावर येऊन त्याला साष्टांग नमस्कार घालीन." त्याने तेरा वर्षं भरलं. आज सकाळी इशिताला सोडायला गेलो, तेव्हा भाड्याचे बूट चढवून मीही आत उतरलो. मोठ्याने लहानाच्या पाया पडलं तर लहानाचं आयुष्य कमी होतं, असं आई म्हणायची, म्हणून उघड काही करता येईना. कठडा धरत धरत त्याच्या समोर गेलो आणि हात सोडले. पुढचं बर्फाने केलं. कपाळ, छाती, हात, गुडघे सगळं टेकलं, मी मोजलं. इशिता ओरडली, "बाबा!" रणजितला वाटलं मी घसरलो. वाटू दे, तू सांगू नकोस. त्याने मला उचलून बाकावर नेऊन बसवलं आणि माझ्या पायांशी बसून बुटाची नाडी नीट बांधायला लागला.

नाडी सुटलेली नव्हती, ताई.