ग्लेशियल ॲसिडवरचं व्याख्यान

५ जानेवारी
संकल्प : पहाटे उठणे, व्यायाम, लॅबमध्ये सुरक्षेची शिस्त. व्यायाम उद्यापासून, आज गार आहे. लॅबमध्ये माझा दरारा वाढतोय. मी डबा उघडला की सगळे आदराने दुसऱ्या टेबलावर जातात. बायको माहेरी जाऊन आठ महिने झाले. विश्रांती घेतेय. घेऊ दे.

८ जानेवारी
कडाक्याची थंडी. कपाटातलं ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड बाटलीतच गोठून बर्फ झालंय. सोळा-सतरा अंशांखाली ते गोठतंच. नव्या केमिस्ट मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, माहितीये सर. हुशार आहेत. म्हणून पुन्हा सविस्तर समजावलं.

९ जानेवारी
शुक्रवारी याच ॲसिडवर व्याख्यान देणार. वास व्हिनेगरचा, म्हणून लोक गाफील राहतात. कातडी भाजते, वाफ डोळ्यांना झोंबते, ज्योत जवळ आली तर पेट घेतं. नोटीस लावली. शिपाईमामा म्हणाले, चहा ठेवा, लोक येतील. विषयात दम असला की चहा लागत नाही.

शुक्रवार, संध्याकाळ (डाव्या हाताने)
मॅडम एकट्याच आल्या. दर्दी श्रोता एक पुरे. प्रात्यक्षिक : झाकण सैल करून बाटली कोमट पाण्यात ठेवणे, हळूहळू वितळवणे. फारच हळू वितळत होतं. मॅडम घड्याळ बघायला लागल्या, म्हणून किटलीतलं उकळतं पाणी जरा ओतलं. बाटली तडकली. सावरायला हात घातला. हातमोजे होते, पण पातळ. ॲसिड आत शिरलं. आधी काहीच झोंबलं नाही, त्यामुळे मी पुढचा मुद्दा घेतला.
मॅडम ओरडल्या, “सर, मुद्दे राहू द्या! हात नळाखाली!”
त्यांच्या हातात जाड मोजे होते. माझा मोजा त्यांनीच ओढून काढला आणि मनगट घट्ट धरून पाणी सोडलं. पंधरा मिनिटं धुवायचं असतं, हे मी सांगणार होतो. सांगितलं नाही. कुणी असा हात धरून फार दिवस झाले होते. पाणी बंद केलं तेव्हा लवकर वाटलं.

शनिवार
जखम किरकोळ. काल दवाखान्यात पट्टी बांधताना मॅडमनी विचारलं, घरी कुणाला कळवू? बायकोचा फोन मेहुणा उचलतो. घाईत तोंडाला आला तो नंबर दिला. त्यांनी लावला. माझ्याच कोटाच्या खिशात फोन वाजायला लागला.
त्यांनी कोटाकडे पाहिलं. पुरता वाजू दिला.
मग म्हणाल्या, “कुणी उचलत नाहीये सर. मी थांबते.”
मी म्हणालो, “बाजारात गेली असेल.”