शिकंज्याचा स्क्रू दोन वाजण्यापूर्वी परत मिळणेबाबत

प्रति,
मा. भांडार अधिकारी,
साहित्य पडताळणी शाखा, पहिला मजला.

विषय: शिकंज्याचा काढून नेलेला एक स्क्रू तातडीने परत मिळणेबाबत.
संदर्भ: १) ‘रिकामा शिकंजा जमा करणे’ हा आपला आदेश. २) माझे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांवरील आपले शेरे.

महोदय,

१. मी तळमजल्यावरील खोली क्र. १४ मधील संशोधक विद्यार्थी असून, एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनच्या पापुद्र्यावर काम करतो. शिकंज्यात रबराची पट्टी ताणून तिच्यावर हा पापुद्रा अंथरला आहे. दर सोमवारी पट्टी केसभर सैल करायची, पापुद्र्याला सुरकुत्या पडतात, त्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. असे अकरा महिने चालले आहे. शेवटचे मोजमाप येत्या सोमवारी आहे. पट्टी एकदम सुटल्यास पापुद्रा स्वतःवरच दुमडून चिकटतो. मग ब्रह्मदेव आला तरी उलगडत नाही, व माझा प्रबंधही.

२. वार्षिक पडताळणीत आपल्या कारकूनसाहेबांनी शिकंज्यात डोकावून ‘आत काही नाही’ असा शेरा मारला. मी पहिल्या अर्जात खुलासा केला. उत्तर आले: वजन करून कळवावे. तराजूने शून्य दाखवले. शून्य वजनाची वस्तू नोंदवहीत बसत नाही, असे आपण कळवलेत.

३. दुसऱ्या अर्जासोबत मी सूक्ष्मदर्शकातील छायाचित्र जोडले. त्यावर शेरा: ‘वस्तू चुरगळलेली आहे. निकामी साहित्यात टाकावी.’ नसलेली वस्तू चुरगळते कशी, हा प्रश्न मी विचारला नाही. निदान ती आहे हे कागदावर आले, या आनंदात मी खोलीत सर्वांना चहा पाजला.

४. तिसऱ्या अर्जात नम्रपणे कळवले की सुरकुती हा दोष नाही. सपाट कागद एका टोकाला धरला की मान टाकतो. त्यालाच पन्हाळी घड्या घातल्या की ताठ राहतो. हा पापुद्रा सुरकुत्यांनी किती ताठ होतो, हेच मी मोजतो. उत्तर आले: ‘इस्त्रीची सोय वसतिगृहात आहे.’

५. आज एकला पाच मिनिटे कमी असताना कारकूनसाहेब शिकंजा जमा करण्यासाठी पेचकस घेऊन आले. मी हात जोडले. ते म्हणाले, “अरे राजा, नसलेल्या गोष्टीला धक्का कसा लागेल?” आणि पट्टी ताणून धरणाऱ्या चार स्क्रूंपैकी एक काढला. शिकंजा कुरकुरला. सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर, ज्या कोपऱ्यात सकाळी एकही सुरकुती नव्हती, तिथे तीन दिसल्या. मी धावत जाऊन मोकळ्या कोपऱ्यावर उजवा अंगठा दाबून धरला. तेवढ्यात एक वाजला. जेवणाची सुट्टी असल्याने कारकूनसाहेब स्क्रू शर्टाच्या खिशात टाकून गेले. जाताना म्हणाले, “दोनला येतो. उरलेले तीन काढू.”

६. मार्गदर्शक मॅडम बाहेरगावी आहेत. फोनवर एवढेच म्हणाल्या, “हलू नकोस. श्वाससुद्धा बेताने घे.” आता एक वाजून पंचवीस मिनिटे झाली आहेत. अंगठ्याच्या उबेने रबर तापू लागले आहे. चौथी सुरकुती आली. ती पहिल्या तिघींकडे सरकते आहे. दोन सुरकुत्या भेटल्या की घडी पडते. मघाशी मला शिंक येता येता राहिली. तिचाही भरवसा नाही.

७. हा अर्ज सफाईच्या मावशींसोबत पाठवत आहे. त्यांनी अकरा महिने या टेबलावर फडका मारलेला नाही. त्या म्हणतात, “साहेबांना लिही, तुम्हीच या खाली. तुमच्या कारकुनाला जिना उतरायला दोन वाजतील.”

तरी मेहेरबानांनी कारकूनसाहेबांना जेवणावरून उठवून (वरण पुन्हा तापवून देण्याची जबाबदारी माझी) तो स्क्रू मावशींच्या हाती द्यावा. आदेश रद्द करणे सावकाश झाले तरी चालेल. पापुद्रा आहे की नाही, यावर मी आपल्याशी वाद घालणार नाही. सोमवारपर्यंत तो नसल्याचे मी लेखी मान्य करतो. फक्त तो शिकंज्यात नसू द्यावा, भंगारात नको.

कळावे,

आपला, जागेवरून न हलणारा,
संशोधक विद्यार्थी, खोली क्र. १४
दिनांक: आज. वेळ: १.३१

सोबत: काही नाही. (सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे.)

ता. क.: डाव्या हाताची सही नमुना सहीशी जुळणार नाही. सहीऐवजी अंगठा चालत असल्यास, तो सध्या कामात आहे.