अंकात नसलेले पत्र

मी, तोगाशी हात्सुए, कै. तोगाशी कुनिओ यांची पत्नी, वय एक्याऐंशी, राहणार मुराकामी, मासळीबाजारामागची गल्ली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्या धाकाला वा आग्रहाला बळी न पडता लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डोळे नाहीत, समोर पाहिले की मधोमध एक राखी डाग दिसतो आणि जग कडेकडेने दिसते. पण कायदा डोक्याची चौकशी करतो, डोळ्यांची करत नाही. अक्षरे जाड पेनाने मोठी काढली आहेत. ओळी वरखाली गेल्या असतील, त्या तशाच वाचाव्यात. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, असे करसल्लागाराने सांगितले. मला लागतात, म्हणून शेवटी घेतले आहेत.

कलम पहिले. राहते घर, मागची परसबाग, पितरांचा देव्हारा, देवळामागची कुटुंबाची कबर आणि ओसरीवरचे सॅमन मासे टांगायचे आकडे, हे सगळे मी माझी मुलगी नोरिए हिला देते. सून सानाए हिला या घरातला एक खिळाही देत नाही. गल्लीत काय बोलतील ते मला आत्ताच ऐकू येते आहे. ‘विधवा सुनेनं इतकी सेवा केली, आणि म्हातारीनं शेवटी रक्ताचंच पाहिलं!’ बोलू द्यावे. कारण पुढे येईल.

कलम दुसरे. नोरिएला हे घर हवेच होते. नवीन वर्षाला निइगाताहून आली की ती भिंतींवर बोटांनी टकटक करून पाहते. यंदा मला बाजूला घेऊन म्हणाली, “आई, घर वहिनीच्या नावावर केलंस तर उद्या ती विकून मोकळी होईल हं.”

“आणि तुला दिलं तर?”

“मी सांभाळीन की.”

तर सांभाळावे. कबरीभोवतीचे गवत जूनमध्ये गुडघ्याएवढे होते. देव्हाऱ्याला रोज सकाळी ताजा भात लागतो. भिक्षू वर्षाश्राद्धाला येतात ते नुसत्या चहावर उठत नाहीत, जेवूनच जातात.

शिवणाची कात्रीही नोरिएलाच. चौथीत असताना तिने याच कात्रीने माझ्या मासिकातून झग्याचे एक चित्र कापले. मागच्या बाजूला कादंबरीचा शेवटचा हप्ता होता. त्यातली बाई शेवटी नवऱ्याकडे परत गेली की नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही.

कलम तिसरे. कै. कुनिओ यांची मासेमारीची मासिके शौचालयातल्या फळीवर आहेत. ते ती तिथेच वाचत, शेवटच्या पानापासून पुढे, आणि बाहेर कोणी ताटकळत असेल तर अधिक सावकाश. गळाला मासा लागलेला मी कधी पाहिला नाही. ही मासिके रद्दीवाल्याला द्यावीत. तो बदल्यात टॉयलेट पेपर देतो. म्हणजे जिथे वाचली तिथेच परत येतील.

कलम चौथे. मुळ्याच्या लोणच्याचे लाकडी पिंप केशकर्तनालयवाल्या इगाराशी तोमी हिला. माझ्या सासूबाई म्हणत, “वाचणारी सून म्हणजे करपलेला भात.” म्हणून लग्नानंतर कित्येक वर्षे मी मासिक मेणकागदात गुंडाळून या पिंपामागे लपवत असे. आमच्या घरातल्या प्रेमकथांना मुळ्याचा वास येई. सासूबाई गेल्या, एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकले, आणि दुसऱ्या दिवशी मी ओताकींच्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन ‘मादोबे’ मासिकाची वर्गणी स्वतःच्या नावाने भरली. सासूबाईंना क्षमा केली असे इथे लिहिणार होते. पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये.

कलम पाचवे. यात कोणाला काही दिलेले नाही, पण याच्याशिवाय बाकीची कलमे कळणार नाहीत.

माझा मुलगा योशिताका सहा वर्षांपूर्वी आजारपणात गेला. त्याला मूलबाळ नव्हते. सानाए तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. माहेरी जाईल असे सगळ्यांना वाटले, ती गेली नाही. मीही जा म्हटले नाही. पुढे माझे डोळे गेले, तेव्हापासून दर महिन्याला ‘मादोबे’ तीच मला वाचून दाखवते. जेवणे आटोपल्यावर, शेगडीच्या मेजाशी, पाय रजईत घेऊन. वाचते छान. फक्त गाळते.

हे मला तोमीमुळे कळले. केस कापायला जाते तिथेही ‘मादोबे’ येते, आणि तोमी ते मला मोठ्याने वाचून दाखवते, अगदी जाहिरातींसकट. दोघींचे वाचन ताडून पाहिल्यावर लक्षात आले की सानाए स्मृतिभ्रंशावरचे लेख गाळते, मृत्युलेख गाळते, आणि ‘तुमचे प्रश्न’ या सदरातली सुनांची पत्रे तर सगळीच गाळते. “या वेळी सदर छोटंच आहे, आई,” म्हणते. दुसऱ्या दिवशी तोमी चवीचवीने वाचते, “ऐका ताई, ही म्हणते, माझी सासू फ्रीजमधल्या दह्यावर स्वतःचं नाव लिहून ठेवते!” त्या दिवशी घरी येऊन मी दह्यावरचे माझे नाव खोडले.

गाळण्याबद्दल मी कधी बोलले नाही. समोरच्याच्या मनाला लागू नये म्हणून माणूस किती भराभर पान उलटतो, ते मला ऐकू येत असे. तेही एक वाचनच होते.

मग गेल्या नोव्हेंबरात तिने पहिल्यांदा एक पत्र वाचले. आवाज नेहमीपेक्षा सपाट.

“‘माझं वय अठ्ठेचाळीस. पती नाहीत. सासूबाईंबरोबर राहते. ओळखीच्या एका सज्जन गृहस्थांनी लग्नाचं विचारलंय. ते वसंतात दुसऱ्या गावी जाणार आहेत. सासूबाई चांगल्या आहेत, म्हणूनच पंचाईत आहे. वाईट असत्या तर सोपं होतं. मी काय करावं?’”

“बरं. मग काय उत्तर दिलंय?” मी विचारले.

“उत्तर... पुढच्या अंकात आहे, आई.”

‘मादोबे’ने इतक्या वर्षांत उत्तर कधी पुढच्या अंकावर टाकलेले नाही. दुसऱ्या दिवशी तोमीकडे केस कापायची गरज नसताना गेले. तिने सदर दोनदा चाळले. “अशी कुणी बाई यात नाहीये हो, ताई. एकीची मांजर शेजाऱ्याकडे राहायला गेलीय, एवढंच आहे.”

मग तिने कात्री खाली ठेवली.

गृहस्थ कोण, ते शोधायला फार लांब जावे लागले नाही. मासिक आम्हाला दुकानातून घरपोच येते. ओताकी सेइजि, थोरल्या ओताकींचा मुलगा, वय त्रेपन्न, बायको जाऊन बरीच वर्षे झाली, स्वतः स्कूटरवर आणून देतो. गेले वर्षभर तो मासिक देऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. “काकू, पुरवणी द्यायची राहिली बघा!” मग दारात बराच वेळ पुरवणीबद्दल बोलणे चालते. ज्या माणसाला बापाच्या काळापासूनची प्रत्येक गिऱ्हाइकाची मासिके तोंडपाठ, तो आमचीच पुरवणी दर महिन्याला विसरतो. तोमीला विचारले. ती म्हणाली, “कसली पुरवणी? ‘मादोबे’ची पुरवणी बंद होऊन दोन वर्षं झाली.”

यंदा जानेवारीत तो मला म्हणाला, “काकू, मार्चअखेर दुकान बंद करतोय. सेंदाईला भावाच्या छापखान्यात चाललोय. तुमचं मासिक आता टपालानं येईल.”

“आणि पुरवणी?” मी विचारले.

आत सानाएच्या हातून भाताचे उलथने पडले.

नंतर मी तिला विचारले, “काय गं, त्या बाईला मासिकानं उत्तर दिलं का? ती सासूवाली?”

“नाही अजून, आई. विसरले असतील.”

“बाई वाट बघत असेल.”

“नसेल. तिनंच ठरवून टाकलं असेल, जायचं नाही म्हणून,” असे म्हणून ती चहा करायला उठली. चहा आम्ही नुकताच घेतला होता.

कलम सहावे. आता घर सानाएला का नाही, ते. करसल्लागार म्हणाला होता, “सुनेला घर द्या, आणि अट घाला की शेवटपर्यंत तुमचं करावं. सगळे असंच करतात.” हुशार माणूस आहे. पण सानाएला मी ओळखते. तिला अट घालावी लागत नाही, घर दिले की अट ती स्वतःच घालून घेईल. घर घेतले म्हणून मला सांभाळील, मी गेले की देव्हारा सांभाळील, आणि वयाच्या साठीला कबरीवरचे गवत उपटता उपटता म्हणेल की सगळे छान झाले. ती खोटे बोलताना आवाज सपाट होतो, हे मी वर लिहिलेच आहे.

म्हणून घर नाही. पोस्टातली माझी सगळी ठेव सानाएला. ती उचलून कुठेही नेता येते. ‘मादोबे’ची वर्गणीही यापुढे तिच्या नावाने. पुढच्या वर्षाचे पैसे भरले आहेत, पत्त्याची जागा रिकामी ठेवायला सांगितली आहे.

माझी व्यवस्था मी केली आहे. टेकडीवरच्या वृद्धाश्रमात डिसेंबरमध्येच नाव घातले. एप्रिलपासून खोली आहे. तिथे बुधवारी शाळेतल्या मुली येऊन वाचून दाखवतात. त्या काही गाळणार नाहीत. काय गाळायचे ते कळायला माणसाला अठ्ठेचाळीस वर्षांचे व्हावे लागते. मला सवय करून घ्यावी लागेल.

कलम सातवे. इथवर लिहिले आणि एक चूक लक्षात आली. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. डॉक्टर तर म्हणतात, “आजी, तुमचं हृदय साठीचं आहे.” म्हणजे हे उत्तर कपाटात दहा वर्षे पडून राहील, आणि ओताकी पुढच्या महिन्यात जाणार. मरून वेळ गाठावी असे माझ्या मनात नाही.

सबब, हे मृत्युपत्र पाकिटात बंद करू नये. सह्या होताच ते मार्चच्या अंकात, ‘तुमचे प्रश्न’ या पानावर ठेवावे. तिथे सानाए पोहोचेलच.

सानाए, पोहोचलीस तर हे मोठ्याने वाच. मी समोरच बसलेली असेन. तुझ्या प्रश्नाचे उत्तर: त्या बाईने जावे. सासूबाई चांगल्या आहेत म्हणून अडू नये. तशा त्या फार चांगल्या नव्हत्या, सहा वर्षे गप्प बसल्या. सेंदाईला थंडी इथल्यासारखीच आहे, लोकरी मोजे घेऊन जावे. मला पत्र लिहावे, बुधवारच्या आत पोहोचेल असे. आता रडू नकोस, मला ऐकू येते. पान उलट. पुढे पाककृती आहे, तीही वाच. उद्या जेवायला काय करायचे ते अजून ठरलेले नाही.

वरील सर्व मजकूर माझा, अक्षर माझे, शिक्का माझा.

तोगाशी हात्सुए (शिक्का)
मुराकामी, रेइवा सातवे वर्ष (२०२५), २४ फेब्रुवारी

साक्षीदार पहिली: इगाराशी तोमी, केशकर्तनालय चालक. मजकूर मला वाचून दाखवण्यात आला नाही, मीच तो वाचून दाखवला, काहीही न गाळता.

साक्षीदार दुसरा: इगाराशी मोरिओ, वरील तोमीचे पती. या जागी ओताकी सेइजि यांना बोलावले होते. ते लगेच आले, स्कूटर चालू ठेवूनच. परंतु मृत्युपत्रातून ज्याला लाभ होतो त्याने साक्षीदार होऊ नये, असे हात्सुएताईंनी सांगितल्यावरून त्यांची सही घेतली नाही. कसला लाभ, असे त्यांनी विचारले. घरी जाऊन वाट पाहावी, असे त्यांना सांगण्यात आले.